गानं सरनं का तू तुन्हा गाव

"गाणं ऐकायचं नसतं, सोलायचं असतं! सालीच्या आत गर असतो, गर!"

हे सोनगीरच्या लीलाधर आबांचं ठाम मत. ज्यांना गाणं कळतं ते नाचतात. ज्यांना नाचता येत नाही ते अर्थ सांगत बसतात. आबा त्या दुसऱ्या टोळीचे पुढारी! हायवेवरच्या चहाच्या टपरीत त्यांनी इतकी गाणी सोलली होती, की गिऱ्हाइकं आबा दिसले की अर्धा कप सोडून पळायची.

मुलगा नीलेशच्या हळदीला त्यांनी दिपमाला आणि अभिमन ही जोडी बोलावली. ती जळगावची, तो धुळ्याचा. एकेकाळी दोघांचं प्रेम होतं आणि ते मोडलं, हे अख्ख्या खान्देशाला पाठ. प्रेम सुटलं, माईक सुटला नाही! त्यांचं नवं गाणं तर प्रत्येक ट्रॅक्टरवर वाजत होतं:

एक माईकवर तू नि मी, रंग चढना भारी राव,
गानं सरनं का तू तुन्हा गाव, मी मन्हा गाव!

आबांना आज नाक राखायचं होतं. चुलतभाऊ पुना नानाने मागच्या साली पोराच्या हळदीला डीजे आणून भाऊबंदांना नाचवून त्यांच्या चपला झिजवल्या होत्या. "तुन्हा कार्यक्रमले लोके आळस दीसन झोपतीन!" असं नाना चारचौघांत बोलला होता.

"बघच तू," आबा म्हणाले.

कार्यक्रमाआधी आबा स्टेजमागे गेले. तिथे बेंजोवाला चिंधा एकटाच वरण-बट्टी कुस्करत बसला होता. ऐकणारा एकटा, तोंडात घास, पळायला जागा नाही. आबांना आणखी काय हवं!

"त्या गाण्याचा अर्थ कळतो का रे तुला?"

"काय अर्थ भाऊ? गानं शे."

"अरे, गाणं संपलं की तू तुझ्या गावी. म्हणजे गाणं चालू आहे तोवर कुठे?"

"स्टेजवर."

"एकमेकांच्या मनात, येड्या! ती अजून त्याच्यावर मरते! त्या ओळीला ती कशी बघते त्याच्याकडे? जशी गाय कडब्याकडे!"

चिंधाचा घास हातातच राहिला. "खरं?"

"शंभर टक्के! नवरा असेल बिचारा कुठेतरी, भोळा सांब. त्याच्या डोळ्यांसमोर सगळं चाललंय आणि तो बसला असेल असाच बट्ट्या मोडत!"

चिंधाने हात धुतले. बेंजोला खोळ घातली आणि टेम्पोत जाऊन बसला.

आबा दिपमालाकडे गेले. "बाई, तुमचा बेंजोवाला बिथरला वाटतं. मी जरा गाणं समजावलं, तर उठूनच गेला."

दिपमालाची लिपस्टिक गालावर गेली. "काय सांगं तुम्हीन त्याले? तो मन्हा नवरा शे! गानं बी त्यानीच लिखेल शे!"

चूक कळली, पण आत्मविश्वास शाबूत! आबा टेम्पोकडे धावले.

"चिंधाभाऊ, तू लिहिलंस म्हणजे प्रश्नच मिटला! खरा अर्थ तूच सांग!"

"काय सांगू? कार्यक्रम सरना का दरवख्ती भांडण. अभिमन म्हनस टेम्पो पहिले धुळे, दिपमाला म्हनस पहिले जळगाव. मी कटाळनू. म्हनीसन लिखं, तू तुन्हा गाव, मी मन्हा गाव."

"बघ! म्हणजे त्यांच्यात काहीच नाही!"

"नव्हतं," चिंधा म्हणाला. "आते शे. तुम्हीन इतलं झकास समजाडं! लिखनारले काय समजस भाऊ?"

आयुष्यात पहिल्यांदाच आबांचं कुणाला पटलं होतं, आणि नेमकं हे पटलं होतं! त्यांनी हात जोडले, टोपी काढली, पोराची शपथ घातली. शेवटी चिंधा एका अटीवर उतरला: बेंजो मागे नाही, दोघांच्या मधोमध.

तसाच कार्यक्रम झाला. डावीकडे दिपमाला, उजवीकडे अभिमन, मध्ये चिंधा, शेतावरच्या बुजगावण्यासारखा! माईक एकच, म्हणून दोघं चिंधाच्या डोक्यावरून वाकून गात होते. आणि चिंधाला तर गाणं कधी सरतंय असं झालं होतं. त्याने बेंजो असा पळवला, जसा बिबट्या मागे लागलेला माणूस सायकल! भाऊबंदांनी नाचायला पाय उचलला की गाणं संपलं. पाय खाली टेकला की दुसरं संपलं. नवरदेवाची हळद वाळायच्या आत रात्रभराची सगळी गाणी संपली, आणि टेम्पो निघूनही गेला. आधी धुळ्याला! अभिमनला आधी उतरवायचं, हे चिंधाने स्टेजवरच जाहीर केलं होतं.

पुना नानाने कमरेचा रुमाल सोडून खांद्यावर टाकला.

"लीलाधर, गानं सरनं! चाल, तू तुन्हा घर, मी मन्हा घर!"

सगळा मांडव खदाखदा हसला. आबांनी सवयीने बोट वर केलं, "नाना, या ओळीचा खरा अर्थ—"

आबांच्या बायकोने, मंदाबाईंनी, त्या उघड्या तोंडात अख्खी बट्टी कोंबली.

"गिळा! आधी याचा अर्थ लागू द्या!"