वाघमारे मामा बूट घालून खेळतात

वाघमारे मामा मोबाइलवर गेम खेळायला बसण्याआधी पायात बूट घालतात. रेल्वेतून रिटायर होताना जे पायात होते तेच, काळे, जाड तळाचे, पॉलिश केलेले बूट. नाड्यांना दोनदा गाठ मारतात, घड्याळ बघतात आणि मग माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून फोन उघडतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी विचारलं, “मामा, गेमला बूट कशाला?” तर मीच अनवाणी रुळावर उभा असल्यासारखं माझ्याकडे बघत म्हणाले, “ड्युटीला चप्पल चालत न्हाई, दुकानदार. सांध्यात पाय अडकला म्हंजी?”

मामा दौंडच्या यार्डात पॉइंट्समन होते. गाड्यांसाठी रुळांचे सांधे बदलायचे, डबे जोडायचे-तोडायचे, झेंडी दाखवायची, यात उभी नोकरी गेली. माझ्या मोबाइलच्या दुकानाला लागूनच त्यांच्या दोन खोल्या. मामी वारल्यापासून एकटेच असतात. मुलगा प्रशांत चेन्नईला कारखान्यात आहे. एवढंच मला माहीत होतं आणि जास्त माहीत करून घ्यायची मला गरजही वाटत नव्हती. माझी तक्रार एकच होती. गेम हा माझा विषय होता.

आता माझ्याबद्दल मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. दौंडमध्ये गेमवर मराठीत बोलणारा पहिला माणूस मी. दुकानाच्या मागच्या खोलीत मी गोल दिवा लावलाय, लाल पट्ट्यांची खुर्ची आणलीय, माइक आणलाय. प्रत्येक गेमचं ग्राफिक, साउंड, कंट्रोल असं मुद्देसूद परीक्षण करून मी व्हिडिओ टाकतो. एका व्हिडिओला साधारण चाळीस माणसं येतात, त्यातले तीन फोन माझेच. इथून जवळच्याच खुटबावहून आबा, म्हणजे माझे वडील, एकदा दुकानात आले होते तेव्हा त्यांना मी ही खोली दाखवली. खुर्चीवर हात फिरवून म्हणाले, “खुर्ची ब्येस हाय. बसून करतो काय?” मी सांगायला लागलो तेवढ्यात त्यांना बाजार समितीतल्या कुणाचा तरी फोन आला आणि ते बोलत बोलत बाहेर गेले.

आणि इकडे हे मामा. दिवा नाही, माइक नाही, मुद्दे नाहीत. पाच वाजले की पायरीवर येऊन बसायचे. क्लासहून सुटलेली पोरं, कुरकुंभच्या कंपनीतून आलेले कामगार, भाजी घेऊन निघालेल्या बाया, सगळे त्यांच्याभोवती. कुणीतरी विचारायचं, “मामा, ह्यो गेम कसा हाय?” मामा चष्मा पुसून म्हणायचे, “खरं सांगू का? लागलं तर लागू द्या.” आणि जे सांगायचे त्यावर माझ्या पायरीवर माझेच गिऱ्हाईक हसून लोळायचे. आत काउंटरवर माझ्या पोटात दुखायला लागायचं.

रेल्वेच्या गेमबद्दल त्यांचं मत असं होतं: “देखणा हाय. डोंगर बघावं, बोगदे बघावं. पण गार्ड न्हाई. मी टेसनातनं गाडी पास होताना उठून झेंडी दाखवली, तर मागनं दाखवायला कोणच न्हाई. आन् गाडी येळेवर येतीय रोज. ह्याला कोण रेल्वे म्हणंल?” ती झेंडी मी स्वतः पाहिली आहे. हिरव्या ब्लाउजपीसचा तुकडा काठीला बांधून ठेवलाय त्यांनी.

क्रिकेटच्या गेमबद्दल म्हणाले, “खेळ चांगला. पण अंपायरनं बोट वर केलं की बॅट्समन मुकाट जातो. असं क्रिकेट मी गोपाळवाडीत बी बघितलं न्हाई आन् लिंगाळीत बी न्हाई.”

शेतीचा गेम तर मी डोक्यावर घेतला होता. ‘हुबेहूब शेती’ असं नाव देऊन मी त्यावर अठरा मिनिटं बोललो होतो. मी पडलो शेतकऱ्याचा मुलगा, आमची खुटबावला बारा एकर, तेव्हा या गेमवर तरी मामांनी माझ्या शब्दाबाहेर जाऊ नये अशी माझी अपेक्षा होती. मामांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. त्यांनी गेम आठवडाभर खेळून पायरीवर निकाल दिला: “ट्रॅक्टर बरा हाय. पण शेजारीच न्हाई वो. बांध हाय, आन् बांधापल्याड माणूस न्हाई. मग बांध कोरायचा कुणी? लाईट जात न्हाई, बिबट्या येत न्हाई, शेजाऱ्यासंगं बोलणं बंद न्हाई. दुकानदार म्हणत्यात हुबेहूब हाय. आसंल, त्यांचं शेजारी चांगलं आसतील.” कुणीतरी हे फोनवर टिपून गावभर पाठवलं. वरवंड, भांडगावहून लोक मला फोन करून विचारायला लागले, “ते मामा तुमच्या दुकानापाशीच बसत्यात ना?” माझ्या चार वर्षांच्या मेहनतीला हे फळ आलं.

सगळ्यात वाईट म्हणजे माझी बायको, सुनीता. तिने माझा एकही व्हिडिओ शेवटपर्यंत बघितलेला नाही. ती फोनवर तीन सारख्या रंगीत गोळ्या जुळवायचा गेम खेळते, आणि मी त्याला व्हिडिओत ‘बिनडोक’ म्हणालो होतो. मामांनी तो गेम हातात घेतला, पाच मिनिटं खेळले आणि गंभीर होऊन म्हणाले, “ह्ये शंटिंग हाय. एक डबा हलवायच्या आधी मागच्या सहा डब्यांचा इचार करायचा. ह्या सगळ्यांत डोक्याचा गेम ह्योच.” त्या दिवसापासून सुनीता मामांना रोज वाटीभर भाजी पाठवते. वाटी रिकामी येते आणि ती मला विसळावी लागते.

शेवटी मी डाव टाकला. शंभर माणसं विमानातून एका बेटावर उतरतात आणि एकमेकांना मारत शेवटी एक उरतो, तो गेम मी मुद्दाम माझ्या फोनवर मामांना दिला. त्यात मी स्वतः पहिल्या पाच मिनिटांत मरतो. मामा पहिल्या मिनिटात मरतील आणि पायरीवरची सभा संपेल, असा माझा हिशोब. मामा उतरले, एका घरात शिरले आणि दार लावून घेतलं. मग शेजारच्या घरात गेले, तिथलं दार उघडं होतं, तेही लावलं. अर्धा तास ते गावभर दारं लावत हिंडत होते. “लोकांस्नी दार लावायचं वळणच न्हाई,” म्हणाले. उघड्या दारांवर डोळा ठेवून बसलेले सगळे एकमेकांत मारामारी करून संपले आणि एकही गोळी न झाडता मामा शेवटच्या सातांत आले. मी चार वर्षांत कधी शेवटच्या विसांत आलेलो नाही. त्या दिवशी मी शटर लवकर ओढलं.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी संध्याकाळी मामा दुकानात आले. बूट घातलेले, पण पायरीवर न बसता सरळ आत आले. फोन काउंटरवर ठेवून म्हणाले, “ह्ये मशीन बघा जरा. मी इचारतो, आन् उत्तर येत न्हाई.”

मी फोन घेतला. शेतीचाच गेम उघडा होता. खेळायला दुसऱ्याला बोलवायचं एक बटण असतं, ते त्यांनी दाबलेलं. त्यांच्या यादीत एकच नाव होतं, इंग्रजीत, ‘पक्या दौंड’. नावापुढे हिरवा ठिपका, म्हणजे तो माणूस आत्ता खेळत होता.

“मामा, कोण हा?”

“आमचा प्रशांत. त्याची ड्युटी रातची असती. पाच ते सात खेळतो.”

“मग कधी विचारलं त्याला?”

“पाचला. रोज पाचला इचारतो. सात वाजले का ड्युटी संपवून बूट काढतो.”

“एकदाच विचारता?”

मामांना प्रश्न कळला नाही. मग लहान पोराला समजवावं तसं सांगायला लागले. “दुकानदार, मागच्या टेसनानं पुढच्याला इचारायचं, गाडी घेतो का. पुढच्यानं व्हय म्हटलं की लाईन क्लिअर. तवर गाडी जागची हलवायची न्हाई. आन् इचारलेलं असतंय ना त्याच्याकडं. पुन्यांदा कशाला इचारायचं? त्यो कामात असंल.”

मी त्यांच्या फोनमधले बाकीचे गेम उघडून बघितले. रेल्वेचा, क्रिकेटचा, शेवटी तो शंभर माणसांचाही त्यांनी नंतर घेतलेला. प्रत्येकाच्या यादीत तेच एक नाव.

“रविवारी फोन असतो त्याचा,” मामा म्हणाले. “जेवला का, जेवलो. बरा हाय का, बरा हाय. पुढं दोघांस्नी बी काय सुचत न्हाई. मग मी इचारतो, सध्या काय खेळतो? तेवढं सांगतो. रेल्वेचा खेळतो म्हणला, म्हणून त्यो शिकलो. मला महिना लागला, तवर त्यो क्रिकेटमधी गेला. क्रिकेट यायला लागलं तवा शेती. गेम समदे बरे हायेत वो. माणूस एका जागी थांबत न्हाई, एवढंच.”

“त्याला सांगितलंय का, तुम्हीच आहात म्हणून?”

“न्हाई. लाजंल त्यो. बापाला कोण घेतं खेळात.”

मामांचं गेममधलं नाव मी बघितलं. फोन नवा देताना मीच घाईत खातं उघडून दिलं होतं, त्यामुळे कंपनीने दिलेलं ‘गेस्ट’ आणि पुढे सात-आठ आकडे. असल्या नावाला मी तरी कधी उत्तर दिलं असतं? आणि विचारलेलं अर्ध्या मिनिटात आपोआप पुसलं जातं, हे मामांना ठाऊकच नव्हतं. वर्षभर त्यांनी रोज अर्धा मिनिट विचारलं होतं आणि दोन तास वाट बघितली होती.

मामांना माहीत नाही आणि मला माहीत आहे अशी एक तरी गोष्ट सापडावी, म्हणून मी वर्षभर जळत होतो. ती सापडली, आणि मला अजिबात आनंद झाला नाही.

“मामा, हे रेल्वेसारखं नाही. यात विचारलेलं टिकत नाही. पुन्हा विचारावं लागतं.”

“नियमात बसतं का?”

“बसतं.”

मी नाव बदलून ‘वाघमारे’ टाकून देतो म्हटलं, तर नको म्हणाले. माइक तेवढा चालू केला. मामांनी घड्याळ बघितलं, ताठ उभे राहिले आणि बटण दाबलं. काही झालं नाही. मी म्हटलं, पुन्हा. पुन्हा दाबलं. तिसऱ्या वेळी पडद्यावर एक निळ्या टोपीचा माणूस आला आणि फोनमधून वैतागलेला आवाज आला, “कोण आहे रे?”

मामा फोन तोंडाशी नेऊन यार्डातल्या फोनवर सांगायचे तसे म्हणाले, “दौंड.”

निळ्या टोपीवाल्याचा ट्रॅक्टर जागीच थांबला. मग त्या आवाजाने हळू विचारलं, “पप्पा?”

“व्हय.”

“बूट घातलेत का?”

“घातल्यात,” मामा म्हणाले, आणि पायांकडे बघत राहिले.

पडद्यावर निळ्या टोपीचा माणूस ट्रॅक्टरवरून उतरला. मामांचा माणूस त्याच्या शेतात शिरला, आधी मागे वळून फाटक लावलं, आणि त्याच्याशेजारी जाऊन उभा राहिला. दोघांनी काहीच केलं नाही. गहू उभा होता तसा उभा होता.

मी काउंटरमागे उभा होतो. मामांचा हेवा मला तेव्हा वाटला नाही. मला त्या चेन्नईच्या पोराचा हेवा वाटला. खुटबाव दौंडपासून किती लांब आहे? आबांनी मला एकदा तरी विचारायचं होतं, सध्या काय खेळतो म्हणून.