कविराजांचा पासवर्ड

दिवाणखान्याच्या भिंतीवरच्या राउटरचे हिरवे दिवे एकामागून एक विझले आणि त्या काळ्या डबीवर एकच तांबडा ठिपका उरला. कविराज त्या ठिपक्याकडे पाहत होते आणि त्यांची बायको कविराजांकडे. दोन्ही नजरा विस्फारलेल्या होत्या, पण विस्मय फक्त पहिलीत होता.

"काय केलंस?" अखेर तिने विचारले.

"नवी आवृत्ती घालतोय. त्यानेच विचारलं, घालू का म्हणून."

"कोणी?"

"राउटरने."

'कविराज' हे नाव बायकोनेच ठेवलेले, आणि ते काही गौरवाने ठेवलेले नव्हते. त्यांच्या एकुलत्या एका कवितासंग्रहाची दुसरी आवृत्ती कधी निघाली नाही. आणि ही ओंजळभर डबी आपल्या सातव्या आवृत्तीची वर्दी देत होती! ते भारावूनच गेले. एवढीशी वस्तू, पण स्वतःला सुधारायला तयार! त्यांनी 'होय' दाबले. बारा वाजता बायकोची मुलाखत होती, ग्रंथालयाच्या प्रमुखपदाची, लॅपटॉपच्या पडद्यावरून. कित्येक वर्षे तिने या पदाची वाट पाहिली होती. शिवाय त्या घरात मोबाईलला धड रेंज येत नसे. कविराज हे विसरले होते असे नाही. त्या क्षणी ते त्यांना गौण वाटले, इतकेच.

दिवे परत आले. आधी एक, मग दुसरा, एखाद्या दूरच्या गावाला जाग यावी तसे.

"बघ, बघ!" कविराज पुटपुटले.

लॅपटॉप मात्र 'जोडत आहे' म्हणत जागच्या जागी गरगरत राहिला. कविराजांनी राउटर बंद केला, चालू केला. मग त्यांना एक बटण दिसले: 'हे नेटवर्क विसरा.' एका बोटाने विसरता येते! त्यांच्या अंगावर काटा आला. त्यांनी लॅपटॉपला विसरायला लावले आणि सर्वांना समान न्याय म्हणून दोघांच्या मोबाईललाही.

तिन्ही यंत्रांनी एका सुरात पासवर्ड मागितला.

"सांग," बायको म्हणाली.

पासवर्ड म्हणजे कविराजांचीच एक ओळ. पण कविराज ओळी बदलत असत. न्हाणीघरात मोठ्याने म्हणून पाहत आणि पुन्हा बदलत. पासवर्ड ठेवला त्या दिवशीही "हाच आपला पासवर्ड!" असे त्यांनी न्हाणीघरातूनच ओरडून सांगितले होते. नळाच्या आवाजात बायकोला ते ऐकूच आले नव्हते.

"पाणी विसरत नाही ओंजळीचा आकार."

"चुकीचा म्हणतोय."

"घागरीचा?"

"नाही."

"मग तळहातांचा?"

"अरे, तुझीच ओळ ना ती?"

"माझीच. पण कुठल्या काळातली?"

खिडकीशी कशीबशी रेंज पकडून नेटच्या कंपनीला फोन लावला. पासवर्ड पुसून डबी मूळपदावर आणता येईल, पण मग लाइन जोडायला माणूस उद्या येईल, असे कळले.

"उद्या!" बायकोचा आवाज चिरकला. "त्या लोकांना काय सांगू मी? नवरा अजून ओळ सुधारतोय म्हणून?"

कविराजांना दुसरे काहीच सुचेना. त्यांनी राउटर बंद केला, चालू केला. पुन्हा बंद केला, पुन्हा चालू केला. तेवढ्यात दार दणादण वाजले.

दारात खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्य बाई उभ्या होत्या. कविराजांच्या न्हाणीघरातले पाणी त्यांच्या छतातून गळू लागल्यापासून त्यांनी या घराशी बोलणे टाकले होते.

"एकदाच काय ते ठरवा हो!" त्या कडाडल्या. "बंद तरी ठेवा, नाहीतर चालू तरी. दाढेच्या मुळांवरचं व्याख्यान ऐकतेय मी, दर वेळी मूळ अर्ध्यातच तुटतंय!"

बायकोला आधी उमगले.

"म्हणजे तुम्ही आमचंच नेट..."

"पाणी तुमचं, छत माझं. नेट तुमचं, व्याख्यान माझं. फिटंफाट."

"ते राहू द्या! पासवर्ड सांगा, पाया पडते."

"पाणी विसरत नाही भेगेचा आकार," बाई एका दमात म्हणाल्या. "ओंजळ नव्हे. ओंजळीने ओळ फारच गुळगुळीत होते."

बायकोने भराभर अक्षरे टाइप केली. गरगर थांबली. जोडले गेले.

"पण तुम्हाला कळलं कसं?" कविराजांनी विचारले.

"तुमच्या न्हाणीघरातून खाली फक्त पाणीच गळतं, असं वाटतं का तुम्हाला?"

बारा वाजत आले होते. बायको लॅपटॉप घेऊन आत धावली, दार लागले आणि दारापलीकडून तिचा स्थिर, सुरेख "नमस्कार" ऐकू आला.

कविराज उंबऱ्यातच खिळले होते. राउटरचे दिवे, नवी आवृत्ती, विसरण्याचे बटण, सारे विस्मय फिके पडले होते. त्यांच्या पायांखाली, फरशीच्या पलीकडे, इतके दिवस कोणीतरी त्यांची ओळ जशीच्या तशी सांभाळून ठेवली होती. त्यांनी स्वतःच टाकून दिलेल्या शब्दासकट.

बाई जिना उतरू लागल्या होत्या.

"बाई," कविराजांनी हाक मारली. "एक विचारू? ती ओळ... तुम्हाला आवडली होती का?"

बाई एका पायरीवर थबकल्या. कठड्यावर क्षणभर त्यांचा हात रेंगाळला. मग वळूनही न पाहता त्या खाली उतरून गेल्या.