पिंड, कावळे आणि देवानंदचा कुरव

"आज फोटो काढूनच येतो. मंग पाहू कोण म्हणते बगळा!" असं बायकोला, पुष्पांजलीला, बजावून देवानंद चिखलीच्या कचरा डेपोवर पोहोचला. कापडदुकानाला कुलूप, गळ्यात नवा कॅमेरा, नाकाला रुमाल. लाल चोचीचा कुरव, अस्सल समुद्रावरचा पक्षी, त्याने परवा इथे पाहिला होता. पक्षीमित्रांच्या ग्रुपवर सगळे 'बगळा असेल' म्हणत त्याची टर उडवत होते. फोटोशिवाय गेलेली इज्जत परत मिळणार नव्हती.

कुरव होताच! कावळ्यांच्या घोळक्यात, चुकून दुसऱ्याच्याच लग्नात पंगतीला बसलेल्या पाहुण्यासारखा अंग चोरून. देवानंदने श्वास रोखून कॅमेरा उचलला, तोच मागे जीप थांबली.

ओळखीचे महादेवराव, त्यांची म्हातारी आई तानुबाई, सुना, नातवंडं आणि विधी सांगणारे महाराज उतरले. महादेवरावांचे वडील भगवानराव नुकतेच वारले होते, आज त्यांचा दहावा. नदीवर सकाळपासून पिंड ठेवून बसले, तर एक कावळा फिरकला नव्हता.

"सारे कावळे इथं जेवून राह्यले," महादेवराव म्हणाले. "म्हटलं, आपनच जाऊ त्याईच्याकडे."

देवानंदने घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं. गर्दी पाहून कुरव उडाला म्हणजे संपलंच. "लवकर आटपा काका, अन् हळू बोला," तो कुजबुजला. "थो समुद्रावरचा पक्षी बसला आहे."

पिंड ठेवला. महादेवरावांनी शेत न विकायचा शब्द दिला, नातवाने तंबाखूचा खर्रा सोडला, सुनांनी भांडणं सोडली. कावळ्यांनी सडके टोमॅटो काही सोडले नाहीत.

तानुबाईंनी डोळे पुसले. "यायले जन्मभर समुद्र पाहाचा होता. कोनी नेलंच नाही."

"सारेच हात जोडा," महाराज म्हणाले.

देवानंदनेही जोडले. कधी एकदा ही मंडळी जातात असं त्याला झालं होतं. "आजी, मी नेतो तुमाले सगळ्याईले समुद्रावर," तो बोलून गेला.

कुरव उठला, एक गिरकी घेऊन थेट पिंडावर उतरला, घास घेतला आणि लोणार सरोवराच्या दिशेने दिसेनासा झाला. देवानंदचे हात जोडलेलेच होते. कॅमेरा पोटावर लोंबत होता.

"पन महाराज, हा तं कावळा नाही," महादेवराव चाचरले.

"समुद्रावरचा आहे नं? मंग भगवानरावच्या कामाचा तोच."

तानुबाई दहा दिवसांत पहिल्यांदा हसल्या. त्यांनी देवानंदच्या तोंडावरून हात फिरवला, आणि त्याला फोटो गेल्याचं दुःखसुद्धा नीट करता येईना.

घरी पुष्पांजली दारातच उभी होती. "काढला फोटो?"

"राह्यला. पन सुट्टीत आपन समुद्रावर चाललो."

लग्नानंतर पहिल्यांदाच कुठे जायचं ठरत होतं. तिचा चेहरा फुलला. "आपन दोघंच?"

"आपन दोघं. अन् तानुबाई, महादेवराव, त्याईच्या सुना, नातवंडं." देवानंदने कॅमेरा खुंटीला अडकवला. "महाराज पुढच्या सीटवर."