दिपोटीसाहेबांनी ढोल धरला

हरणाचं नाव शाळेच्या पटावर राहणार की कटणार, हे आज तपासणीला आलेले दिपोटीसाहेब ठरवणार होते. हरणा ही धुळा धनगराची पोर, जन्मापासून ठार बहिरी. मागच्या तपासणीलाच साहेबांनी सुनावलं होतं, "ऐकू न येणाऱ्या मुलीनं शाळेत जागा कशाला अडवायची?" केरबा मास्तरांच्या ते जिव्हारी लागलं होतं.

मग बिरोबाच्या जत्रेत त्यांना दिसलं, की ढोलाला पाठ टेकून बसलेली हरणा बरोबर ठेक्यावर मान डोलावते आहे. झालं! धुळाचा एक जुना ढोल शाळेत आला. हरणानं ढोलाच्या एका पानावर, म्हणजे ताणलेल्या कातड्यावर, तळवे ठेवायचे, मास्तरांनी दुसऱ्या पानावर बोटांनी हलकेच वाजवायचं. आधी चार, जरा थांबून तीन. पोर हसत सात बोटं वर करी. लढाईच्या त्या दिवसांत माणदेशातल्या शाळेला खडूसुद्धा मिळत नव्हता, तिथं पोरगी ढोलावर बेरीज शिकली.

साहेबांना मात्र हे पटेना. "तुम्ही तिला डोळ्यांनी खुणावता, मास्तर. व्हा बाजूला. मी वाजवतो."

"साहेब, बोटांनी वाजवा. काठी नको."

"का? फुटेल?"

"फुटायचा नाही, पण माळावर ऐकू जाईल."

"जाऊ द्या!" म्हणत साहेबांनी बाह्या सरसावून असे दणके दिले, की छपरावरची कबुतरं उडाली. हरणानं बरोबर पाच बोटं दाखवली. साहेबांनी पुन्हा वाजवलं. पुन्हा बरोबर. आता साहेब इरेलाच पेटले.

पण धनगराच्या कानावर ढोल पडला आणि तो जागेवर राहिला, असं त्या माळावर कधी घडलं नव्हतं. धुळा आला, हरिबा आला, दोघांच्या गळ्यात ढोल. मागून झांजवाले आले. राखायला कुणी उरलं नाही म्हणून मेंढरंही आली.

"आवं, सायबानं ढोल धरलाय! नवस हाय जणू!" म्हणत हरिबानं साहेबांच्या कपाळाला मूठभर भंडारा फासला.

"अहो, ही तपासणी आहे!" साहेब काठी खाली ठेवू लागले.

"थांबू नगा, सायब! गजीचा नाच अर्ध्यात मोडला तर देव कोपतोय. घुमवा!"

देवाशी वाकडं घेण्याची साहेबांची तयारी नव्हती. ते घुमवत राहिले. भोवती ढोल आणि झांजा, रुमाल उडवत नाचणारे धनगर, आणि भिंतीपाशी हिंदुस्थानचा नकाशा चघळत उभं असलेलं एक मेंढरू.

गजी आवरली तेव्हा साहेबांची टोपी बेपत्ता होती आणि साहेब हळदीच्या नवरदेवासारखे पिवळे झाले होते. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीची शाळा आपणच बुडवली, या विचारानं त्यांचे डोळे भरून आले.

"चालू द्या तपासणी," साहेब खुर्चीत कोसळत म्हणाले. "ए मुली, कविता म्हण."

पुढच्या रांगेतली अंजना उठून म्हणू लागली.

"मोठ्यानं म्हण!"

अंजनानं बेंबीच्या देठापासून सूर लावला.

"अगं, नुसते ओठ काय हलवतेस?"

साहेबांच्या कानांना दडे बसले होते. मास्तर काकुळतीला येऊन काहीतरी सांगत होते आणि साहेब बावरून त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

हरणाला मात्र लगेच उमगलं. ती उठली, साहेबांचा हात धरून त्यांना ढोलापाशी घेऊन गेली, त्यांचे तळवे पानावर ठेवले आणि पलीकडून बोटांनी वाजवलं. आधी चार, जरा थांबून पाच. साहेबांनी शहाण्या पोरासारखी नऊ बोटं वर केली. हरणानं त्यांची पाठ थोपटली.

सगळा वर्ग खिदळला. साहेब तेवढे हसले नाहीत. त्यांनी आपल्या दडे बसलेल्या कानांना हात लावला, त्या पोरीकडे पाहिलं, आणि मग अख्ख्या वाडीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ओरडले, "मास्तर, मुलगी पटावर राहील!"

मग दोन्ही तळवे पुन्हा ढोलावर टेकवून ते हरणाला म्हणाले, "हं, आता वजाबाकी घाल."