येसूची होडी आणि बावीस नव्या होड्या

एका जंगलात एक खाडी होती. जंगलात खाडी कुठून आली, असं विचारणाऱ्या मुलांनी गोष्ट ऐकू नये. भूगोल वाचावा.

खाडीपलीकडे मिठागर होतं. मीठ चाटल्याशिवाय प्राण्यांना चैन पडत नाही. ते मीठ येसू नावाची पाणमांजर आपल्या होडीतून आणायची. होडी तिच्या बापाच्या हातची होती. टोपलीमागे भाडं दोन बोरं. पाणमांजर बोरं खात नाही म्हणता? धंद्यात मिळेल ते खावं लागतं. त्यावरच येसूची चार पिल्लं वाढत होती.

खाडीच्या मध्ये एक बेट होतं आणि बेटाशेजारून जवळची, चिंचोळी वाट होती. एके दिवशी त्या वाटेवरच्या खडकावर दोन माकडं येऊन बसली आणि होडीवर दगड मारू लागली. का? माकडांना कारण लागत नाही, दगड लागतात.

येसू बेटाला वळसा घालून जाऊ लागली. एका दिवसाची खेप तीन दिवसांची झाली. मीठ कमी पडू लागलं. भाडं दोन बोरांवरून पाच झालं, पाचावरून वीस.

कोल्ह्यानं हे पाहिलं. त्यानं वाळूत शेपटीनं भाड्याची एक रेघ ओढली. रेघ वर वर गेली.

"ही कुठपर्यंत जाणार?" रानडुकरानं विचारलं.

"वाळू संपली म्हणून थांबलोय," कोल्हा म्हणाला. "कुणाला सांगू नकोस."

हे त्यानं बावीस जणांना सांगितलं. प्रत्येकाला एकेकटं गाठून, कानात.

बावीसही जण गुपचूप निघाले आणि सुतारपक्ष्याच्या झाडाखाली एकमेकांना भेटले. प्रत्येकानं सांगितलं, की तो सहज फिरायला आला आहे.

"लाकूड मुरायला हवं. होडी तीन वर्षांनी मिळेल," सुतारपक्षी म्हणाला. "बोरं मात्र आजच ठेवा."

हत्तीनं इतकी मोठी होडी सांगितली, की सगळ्या जंगलाचं मीठ भरलं तरी ती अर्धी रिकामी राहावी. विचारल्यावर म्हणाला, "मोठी होडी स्वस्त पडते."

येसूला राहवलं नाही. "अहो, तीन वर्षं माकडं तिथंच बसून राहतील का?"

"येसूबाई," कोल्हा हसला, "तुला होडी कळते. बाजार कळत नाही."

तीन वर्षांनी बावीस होड्या एकाच दिवशी पाण्यात उतरल्या. नारळ कमी पडले, तेव्हा उरलेल्यांनी कवठं फोडली. आणि त्याच आठवड्यात माकडांना दगड मारायचा कंटाळा आला.

आता मीठ एका होडीचं आणि होड्या तेवीस. भाडं अर्ध्या बोरावर आलं. पुढं ससा ओरडू लागला, "माझ्या होडीतून न्या, वर मीच एक बोर देतो!"

होडीवाल्यांनी सभा घेतली. होड्या फार झाल्या, एक तरी मोडली पाहिजे, असं ठरलं. कोणती? जुनी.

"तुम्ही बावीस आणल्यात आणि माझी एक मोडणार?" येसू कडाडली.

"जुनी होडी पाणी घाण करते," रानडुक्कर म्हणाला. तो थेट चिखलात लोळून आला होता.

येसू घरी येऊन रडली. मोडणं तिच्यानं होईना. मग तिला बापाचं बोलणं आठवलं: होडी रिकामी राहणार असेल तर दगड भरून चिखलात बुडवून ठेव. उन्हात ठेवलीस तर सांधे उघडतात. तिनं तसंच केलं आणि सभेला कळवलं, "बुडवली." सभेनं टाळ्या वाजवल्या.

येसू मासे धरून पिल्लं जगवू लागली. मिठाला पाळीपाळीनं एकच होडी जाई; बाकीच्या किनाऱ्यावर रांगेत उभ्या राहिल्या, कारण पाण्यात घालणं परवडेना. उन्हानं फळ्या तडकल्या. शेवटी सुतारपक्ष्यालाच बोलावलं. होडी बांधायची बोरं त्यानं घेतली होतीच, आता मोडायचीही घेतली. बावीसच्या बावीस मोडल्या.

शेवटची मोडली, त्याच्या दुसऱ्या दिवशी माकडं परत आली. या वेळी मोठे दगड घेऊन.

येसूनं चिखलातून होडी वर काढली. एकही सांधा हलला नव्हता. भाडं तीस बोरं झालं. येसूच्या पिल्लांनी आयुष्यात पहिल्यांदा बोरं टाकून दिली. मला तर फार बरं वाटलं. इथं गोष्ट संपवावी, असंही वाटलं.

पण कोल्हा वाळूत रेघ ओढत होता. येसू सहज बघायला थांबली.

"आता बाजार कुणाला कळत असेल तर तुम्हांलाच, येसूबाई," तो म्हणाला. "तुम्ही अजून एकाच होडीवर?" आज तो तिला अहो-जाहो करत होता.

दुसऱ्या दिवशी सुतारपक्ष्याच्या झाडाखाली रांग लागली. सगळ्यांच्या पुढे येसू.

"हत्तीच्या होडीपेक्षा मोठी हवी," ती म्हणाली.

"देतो की. पण लाकूड संपलंय," सुतारपक्षी म्हणाला. "तुमच्या बापाच्या होडीचं लाकूड छान मुरलंय. ते दिलंत तर तुमचा नंबर पहिला."

येसूनं मागं वळून पाहिलं. मागं रानडुक्कर उभा होता आणि तो पुढं सरकू पाहत होता.

"घ्या," ती म्हणाली.

सुतारपक्ष्यानं दुपारपर्यंत होडी मोडली. संध्याकाळी जंगलात चिमूटभर मीठ नव्हतं. पण सगळे खुशीत होते. तीन वर्षांचाच तर प्रश्न होता.

तात्पर्य: वडिलांची शिकवण जन्मभर जपावी, निदान भाडं तीस बोरं होईपर्यंत तरी. सगळं जंगल बुडत असताना एकट्यानं कोरडं राहणं बरं दिसत नाही. आणि मुलांनो, मोठेपणी कोण व्हायचं हे अजून ठरलं नसेल, तर चोचीला धार लावायला घ्या.