आक्कांनी धुतलेलं आम्ल

वळ गावात चांगदेवशेठांची सात गोदामं पार्सलांनी भरलेली होती आणि आठव्याच्या कोपऱ्यात मिलिंद होता. तळणीच्या तेलाचं डिझेल करताना जे चिकट, तपकिरी ग्लिसरीन उरतं, त्यापासून इंधनात मिसळायचं रसायन काढण्याचा त्याला ध्यास होता. ते काम करायचे कोळशाचे, आम्ल मुरवलेले दाणे. तीन वर्षं खपून त्याने जेमतेम एक बरणीभर बनवले होते.

"आज सरकारी साहेबांनी तुजा नमुना पास केला तर ऱ्हा," चांगदेवशेठ म्हणाले, "न्हायतर कोपरा पार्सलवाल्याला. तो कवापासून मागं लागलाय."

पाहुणा येणार म्हटलं की घासपूस करायची, ही शेठच्या आई आक्कांची शिस्त. त्यातून मिलिंदवर त्यांचा भारी जीव. त्यांनी गोदाम झाडलं, काचेची नळी पुसली आणि बरणीही सोडली नाही.

"दानं हाताला चरचरत व्हतं रं," त्या म्हणाल्या. "धुन्याच्या सोड्यातून तीनदा काढलं. आता हात घालून बघ, कायपन व्हत न्हाय!"

"आक्का, ते चरचरणं म्हणजेच आम्ल! तेच तर काम करतं!"

"मंग बरनीवर लिवायचा ना तसा."

लिहिलेलं होतं, इंग्रजीत.

तेवढ्यात साहेबांची गाडी आली. कशेळीच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास काढलेल्या माणसाला 'उद्या या' म्हणायची सोय नव्हती. मिलिंदने मन घट्ट करून धुतलेले दाणे नळीत भरले आणि वरून ग्लिसरीन सोडलं. खाली ग्लिसरीनच उतरलं. फक्त कोळशाने रंग शोषल्यामुळे ते नितळ दिसत होतं.

साहेबांनी थेंब तळहातावर चोळला. "वा! वाससुद्धा नाही!"

"सर, खरं सांगतो, काहीच झालेलं नाही. हे ग्लिसरीनच आहे."

"विनय आवडला तुमचा," म्हणत साहेबांनी सही ठोकली आणि बाटलीभर नमुना सोबत घेतला. शेठनी पेढे मागवले. मिलिंद शरमेने अर्धमेला झाला.

आठवडाभर राबून त्याने दाण्यांत पुन्हा आम्ल मुरवलं. या वेळी खरोखरच रसायन उतरलं, पातळ आणि उग्र वासाचं. आनंदाने त्याला रडूच फुटलं. बाटली घेऊन तो तडक साहेबांच्या कचेरीत गेला.

साहेबांनी वास घेतला, नाक मुरडलं आणि मंजूर नमुना शेजारी ठेवून पाहिला. मान्यता रद्द झाली. संध्याकाळपर्यंत कोपऱ्यात पार्सलं रचली गेली. त्यांच्यावरच बसून मिलिंदने कागदावरचा शेरा चारदा वाचला:

"तपासणीअंती पदार्थात बदल झाल्याचे आढळले."