चार नंबरवरची फुंकर

"एसीचं काय घेऊन बसलीस साक्षी! रविवारी गाडीत स्वेटर घालून बस. न्हाई तर सर्दी व्हईल आन् मंग म्हनशील, आधी सांगितलं न्हाई!"

असं धम्मानंदनं बुधवारी सकाळी, चहाचा कप हातात धरून, सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं. धम्मानंदचं पुसेगावात झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर हाताखालून दुसऱ्यांची कागदपत्रं सरकवून सरकवून त्याची अशी खात्री झाली होती, की या जगात आपल्याला न येणारं असं काही उरलेलं नाही. उरलंच असेल, तर त्याचा व्हिडिओ मोबाईलवर असतोच.

साक्षीच्या एका हातात लसीकरणाच्या वेळापत्रकाचं पुस्तक होतं, मांडीवर आठ महिन्यांची मितू होती आणि कपाळावर घाम होता.

रविवारी हिंगोलीला आरोग्यसेविकेच्या भरतीची परीक्षा होती. साक्षीनं फॉर्म भरायची ही तिसरी वेळ. पहिल्या वेळी परीक्षा आणि तिचं लग्न एकाच तारखेला आलं. दुसऱ्या वेळी परीक्षा आणि मितू एकाच तारखेला आल्या. दोन्ही वेळा तिनं हॉल तिकीट घडी करून पेटीत ठेवलं. या वेळी तिनं मनाशी पक्कं केलं होतं, आभाळ कोसळलं तरी त्याखालून वाकून जाईन, पण पेपर देईन!

प्रश्न फक्त मितूचा होता. ती अंगावर पिणारी. आईशिवाय घटकाभर राहायची नाही. पण गार वाऱ्याखाली टाकली की पिंजलेल्या कापसासारखी पडून झोपायची. म्हणून बेत असा ठरला होता: परीक्षा केंद्राबाहेर लिंबाच्या सावलीत गाडी लावायची, एसी चालू, मितू आजीच्या मांडीवर झोपलेली, आणि साक्षी दोन तास आत. एसी नसेल तर मे महिन्याचं ऊन, अंगभर घामोळं आणि रडं. मितूचं रडणं साक्षीला तीन भिंतींपलीकडून ऐकू येतं. एकदा ऐकू आलं की हातातला पेन, पोळपाट, पुस्तक, जे असेल ते आपोआप खाली पडतं.

आणि एसी तर असा! पंखा एक नंबरवर ठेवा की चार नंबरवर, हवा यायची ती सासूबाई बशीतल्या चहावर मारतात तेवढी फुंकर. बरं, फुंकर गार होती. पण ज्याचं नाक जाळीला चिकटलेलं, त्याच्याच नाकापुरती.

"गॅस संपला," धम्मानंद म्हणाला.

"अहो, गॅस संपला असता तर गरम हवा आली असती ना? ही गार हाये, पन येतच न्हाई."

"साक्षी, तू लसींचं बघ. गाडीचं मी बघतो."

गाडी जुनीच घेतलेली होती, हिंगोलीच्या वैजनाथशेठकडून. शेठ हळदीचे व्यापारी. दाखवायच्या हळदीच्या पुड्या, दळलेल्या हळदीची पोती, सगळं याच गाडीतून हिंडायचं. पण "एका हातची गाडी हाये," असं शेठ म्हणाले आणि धम्मानंदनं त्यांचा तो एक हात धरून हलवला.

गुरुवारी आबा मैदानात उतरले. आबा म्हणजे पुंजाजी, धम्मानंदचे वडील. तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात काढलेली. त्या काळातल्या एसटीला काचा बसल्या तरी लोक टाळ्या वाजवायचे. एसीशी आबांचा संबंध तेवढाच. पण पान्हा हातात आला की आबांचं वय वीस वर्षांनी उतरतं.

"ह्यो समोरचा खण काढ," आबांनी हुकूम सोडला. "ह्याच्यामागं फिल्टर असतो."

खण निघाला. त्यातून शेठजींची एक जपमाळ, दोन सुपाऱ्या आणि एक लग्नपत्रिका निघाली. मागं एक अरुंद फट होती. धम्मानंदनं हात घालून फिल्टर ओढला. चौकोनी, घड्याघड्यांचा, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पिवळा धम्मक!

बापलेकांनी तो उजेडात फिरवून फिरवून पाहिला.

"डाग न्हाई, कचरा न्हाई," आबा म्हणाले. "एकसारखा रंग हाये. कंपनीनं भारी माल दिला."

"इंजनाचा फिल्टर पन पिवळाच असतो की!"

"एसटीचा पन पिवळाच व्हता."

आता यात त्यांचा तरी काय दोष? हिंगोलीच्या मुलखात हळदीचा हंगाम लागला, की शिजवणं, वाळवणं, पॉलिश, दळण, सगळ्याचा धुरळा उडतो. भिंती पिवळ्या, बैलांची शिंगं पिवळी, पांढरं कुत्रं तीन महिने पिवळं हिंडतं आणि त्याला कोणी विचारत नाही, बाबा तुला काय झालं! काळं दिसलं तर इथला माणूस पुसतो. पिवळं दिसलं तर 'बराबर हाये' म्हणून पुढं जातो.

आबांनी फिल्टर धोतराच्या सोग्यानं हळूच पुसला आणि होता तसा, देव्हाऱ्यात टाक ठेवावा तितक्या आदरानं, परत आत बसवला.

शुक्रवारी गाडी गोरेगावला साजीदच्या गॅरेजात गेली. साक्षीही गेली. घरी बसून तिला चैन पडेना. मितू कडेवर, पुस्तक काखेत, आणि जीव गाडीच्या जाळीत!

साजीदनं मीटर लावलं. "धम्माभाऊ, गॅस बराबर हाये. भरायची काई जरूरत न्हाई."

"मंग हवा काहून येत न्हाई?"

"फिल्टर बघितला का?"

"बघितला ना! चांगला पिवळा धम्मक हाये."

"मग बराबर हाये," साजीद म्हणाला. शेवटी तोही इथलाच! "आता एकच राह्यलं. पंख्याची मोटर गेली आसंल. नांदेडहून मागवावी लागंल. मंगळवारी येती."

"साजीदभाई, परीक्षा रविवारी हाये!" साक्षी जवळजवळ ओरडलीच.

"भाभी, मोटरला परीक्षा कळत न्हाई हो."

मितू रडायला लागली. साक्षीलाही तेच करायचं होतं, पण दोघींनी एकदम रडून चालत नाही. तिनं मितूला खांद्यावर घेतलं आणि गॅरेजातल्या टायरांभोवती येरझाऱ्या घातल्या. जन्मल्यावर बीसीजी, सहाव्या आठवड्याला पेंटा, मोटर मंगळवारी, दहाव्या आठवड्याला पेंटा, मोटर मंगळवारी...

शनिवारी आबांना झोपाळ्यावर साक्षात्कार झाला. "कूलरची नळी तुंबली तर आपुन काय करतो? उलटी फुंकतो!"

झालं! गाडी माणिकरावाच्या पंक्चरच्या दुकानासमोर उभी राहिली. ट्रॅक्टरच्या चाकात हवा भरायची ती मोठी नळी आबांनी गाडीच्या जाळीत खुपसली. "सोड!" म्हणताच आत असा काही आवाज झाला, जणू डबक्यात म्हशी उतरल्या. एक जाळी झाली, दुसरी झाली, चारही झाल्या. बाहेर काहीच आलं नाही.

"बघ, कचरा असता तर भाहेर आला असता," आबा समाधानानं म्हणाले.

"न्हाई तर आत गेला असंल," साक्षी म्हणाली. पण तिचं बोलणं नळीच्या फुसफुशीत विरलं.

रविवार उजाडला. साक्षीनं पांढरा कुडता घातला. सूचनेत फिक्या रंगाचे साधे कपडे सांगितले होते. पुढं धम्मानंद आणि साक्षी, मागं आबा, सासूबाई रुक्माबाई आणि मितू. गाडी निघाली आणि कालपर्यंतची फुंकरही गेली! चार नंबरवर पंखा नुसता घूं घूं करत होता. ऊन काचेतून आत येऊन मांडीवर बसलं होतं. काचा उघडल्या तर झळ, लावल्या तर भट्टी. मितूचा चेहरा टोमॅटोसारखा झाला आणि तिनं जो सूर धरला, तो रस्त्याकडेच्या शेळ्यांनीही मान वळवून ऐकला.

"आना हिकडं तिला," साक्षीनं मितूला पुढं घेतलं. आज हिला असं टाकून आत गेले, तर पेपरात काय लिहीन? नाव तरी लिहिता येईल का? परत फिरावं. तिसरं हॉल तिकीट पेटीत ठेवावं.

तिनं उगाच पंख्याचं बटण फिरवलं. एक, दोन, तीन, चार. चार, तीन, दोन, एक. पुन्हा चार. आवाज वाढत होता, कमी होत होता. हवा मात्र शून्य ती शून्यच!

"अहो, गाडी थांबवा!"

"काहून? मळमळून राह्यलं का?"

"मोटर चांगली हाये! आवाज बराबर वाढून राह्यला. पंखा फिरतो, हवेची वाटच बंद हाये. थांबवा म्हनते ना!"

गाडी थांबली. मितूला सासूबाईंकडे देऊन साक्षीनं समोरचा खण दोन्ही बाजूंनी दाबून उपसला. गुरुवारी दोघांनी पाऊण तास लावून जे केलं, ते तिनं दोन मिनिटांत केलं. फिल्टर ओढला आणि सूर्यासमोर धरला. पलीकडं उजेडाचा ठिपकासुद्धा दिसेना. तिनं नखानं खरवडलं. पुरणाचा थर निघावा तसा जाड पिवळा पापुद्रा निघाला, आणि खाली...

"पांढरा हाये! अहो, हा पांढरा फिल्टर हाये!"

आबा खिडकीबाहेर पाहू लागले.

"एसटीचा पिवळाच व्हता," ते पुटपुटले.

"वैजनाथशेठची सगळी हळद हाये ही!" रुक्माबाई म्हणाल्या. "वास घ्या की! तीन दिवस दोघं हुंगून राह्यले, कुनालाच कळलं न्हाई?"

"फिल्टर राहू दे भाहेर. बिगर फिल्टरचं पळवू," धम्मानंद म्हणाला. पराक्रमाचं काहीतरी आपल्याही वाट्याला यावं म्हणून त्यानं घाईनं गाडी सुरू केली. पंख्याचं बटण चारवरच आहे, हे कोणाच्याच ध्यानात नव्हतं. आणि काल आबांनी जाळ्यांतून उलटी दाबून बसवलेली हळद आता मोकळ्या वाटेवर वारा येण्याचीच वाट पाहत होती.

भुस्सकन् आवाज झाला! चारही जाळ्यांतून हळदीचे चार झोत सुटले. साक्षी झेपावली. आईला अशा वेळी विचार करावा लागत नाही. सीटवरून मागं वाकून तिनं मितूला ओढणीत गुंडाळलं आणि पोटाशी दाबलं. बाकी गाडीत जत्रेच्या देवावर उधळण व्हावी तसं झालं. धुरळा बसला, तेव्हा आबांच्या मिशा पिवळ्या होत्या, धम्मानंदचे फक्त डोळे पांढरे होते आणि रुक्माबाई लागोपाठ सात वेळा शिंकल्या.

साक्षीनं ओढणी उघडली. मितू स्वच्छ होती. तेवढा एक कान पिवळा झाला होता. तिनं आईकडे पाहिलं, ही पिवळी बाई कोण म्हणून क्षणभर विचार केला आणि खुदकन् हसली.

आणि हवा! थंडगार, भरभरून, केस उडवणारी! मितूनं दोन मोठे श्वास घेतले, डोळे मिटले आणि झोपली.

"बघ, म्हनलं व्हतं की न्हाई!" धम्मानंद म्हणाला. त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही.

केंद्राच्या दारात निलमताई नावाच्या बाई उभ्या होत्या. हॉल तिकीट तपासायचं, मग चेहरा मशीनसमोर. त्यांनी साक्षीला पाहिलं आणि त्यांचे डोळेच भरून आले.

"अगं बाई! अंगाची हळदसुद्धा न धुता पेपरला आलीस? लग्न कधी आहे?"

"दोन वर्षं झाली मॅडम."

"अं?"

तेवढ्यात मागून रुक्माबाई मितूला घेऊन आल्या. "साक्षी, आत जाच्या आधी एकदा पाजून जा गं!"

निलमताईंनी मितूकडे पाहिलं, साक्षीकडे पाहिलं आणि पुढं काही विचारायचं नाही असं ठरवलं.

पण मशीन तसं समजूतदार नव्हतं. ते साक्षीचं तोंड ओळखेना. लाल दिवा! पुन्हा लाल दिवा! साक्षीनं नळाखाली तोंड धुतलं, तर हळद आणखी उजळली. फाटक बंद व्हायला बारा मिनिटं उरली.

"पाण्यानं जाती व्हय कुठं हळद?" रुक्माबाईंनी पिशवीतून मितूच्या मालिशच्या तेलाची बाटली काढली. सुनेला लिंबाच्या पारावर बसवलं, एका हातानं तिची हनुवटी धरली आणि मितूच्या धुतलेल्या लंगोटानं तिचं तोंड चोळायला घेतलं. कपाळ, गाल, कानाची पाळी. अगदी लेकराला चोळावं तसं. "हलू नको. मी हाये ना हितं. तिचं मी बघते. तू नुस्तं तुजं लिही."

साक्षीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तेलामुळं, असं तिनं सांगितलं.

मशीनचा हिरवा दिवा लागला. मागं फाटक बंद झालं.

दोन तास! पहिली दहा मिनिटं तिचे कान बाहेरच होते. मग हळूहळू कानांनाही कळलं, बाहेर कोणी रडत नाही. तिनं झरझर लिहिलं. पेंटा आला, बीसीजी आली. शंभरातले नव्वद तर नक्की! उत्तरपत्रिकेच्या कोपऱ्यावर अंगठ्याचा एक पिवळा ठसा उमटला, तेवढाच.

घंटा झाली. साक्षी धावत सुटली. कधी एकदा सांगते असं झालं होतं! पेपर कसा गेला, कोणता प्रश्न आला, किती बरोबर आले! लिंबाखाली गाडी घुरघुरत होती. काचा बंद. आत आबा, रुक्माबाई, धम्मानंद आणि मितू, अढीत पिकायला घातलेल्या आंब्यांसारखे ओळीनं गाढ झोपले होते.

तिनं काच वाजवली. कोणी हललं नाही. पुन्हा वाजवली. बाहेर चव्वेचाळीस डिग्री! तिसऱ्यांदा तिनं दोन्ही हातांनी काच बडवली, तेव्हा धम्मानंदनं एक डोळा उघडला आणि काच दोन बोटं खाली केली.

"अहो! पेपर एकदम..."

"लवकर बोल साक्षी," तो कुजबुजला, "हवा भाहेर जाऊन राह्यली!"